द्वारकामावशीचा आग्रह

मंडळी, पूर्वरंग झाला, तबलजींचा चहाही झाला. आता जरा सरकून, सावरून बसा. आख्यान लावण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, घाईचं उत्तर बहुधा खोटं असतं. प्रश्न असा — पाहुणा पानावर बसला की आपण म्हणतो, 'घ्या हो, अजून एक घ्या, माझ्यासाठी घ्या!' तर हे जे वाढणं आहे, ते कुणासाठी? त्याच्या पोटासाठी, की आपल्या मनासाठी?

हसलात! बायकांच्या बाजूने हसू जास्त आलं. असू दे. ऐका.

कृष्णाकाठी एक गाव. गावात द्वारकाबाई शिखरे नावाच्या बाई. पासष्टीच्या पुढच्या, पण हात असा, की आमटीला फोडणी दिली की शेजारचा माणूस जेवून उठलेला असला तरी पुन्हा पाटाकडे बघायचा. सगळं गाव त्यांना द्वारकामावशी म्हणायचं. पण खरी भाची एकच. हेमांगी. धाकट्या बहिणीची मुलगी, लग्न होऊन पुण्याला. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. मग या पोरीला माहेर उरलं कुठे? मावशीच्या स्वयंपाकघरात. तेवढंच उरलं.

आणि हेमांगीला एक दुखणं निघालं. नाव जरा अवघड आहे — सिलिॲक. म्हणजे काय, तर गव्हात एक चिकट द्रव्य असतं, ग्लुटेन म्हणतात त्याला. ते पोटात गेलं की हिची आतडी आतून सुजायची. पोळी बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, सगळं बंद. बरं, थोडं चालेल, असंही नाही. पोळीच्या पोळपाटावर भाकरी थापली तरी त्रास! वजन उतरलं, रक्त कमी झालं, तोंडात फोड. दीड वर्ष पथ्य केलं तेव्हा कुठे गालावर जरा मांस दिसायला लागलं.

घरी पथ्य सोपं हो. बाहेर जेवून दाखवा! लग्नात तिने आचाऱ्याला विचारलं, "यात गहू नाही ना?" तो म्हणाला, "छे छे ताई, गहू अजिबात नाही. मैदा आहे." हॉटेलात विचारलं, "ग्लुटेन आहे का?" मालक म्हणाला, "संध्याकाळी येईल, आत्ता संपलंय." आता हसताय तुम्ही. ती पण पहिल्यांदा हसली. दहाव्यांदा नाही हसली. शेवटी तिने एक स्टीलचा डबा घेतला आणि लग्न असो, मुंज असो, आपला डबा आपल्याबरोबर. पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलबी, आणि ही आपला दहीभात उघडून बसायची. लोक बघायचे. कुणी म्हणायचं, डाएट करते. कुणी म्हणायचं, शहाणपण आलंय पुण्याला जाऊन.

हा डबा मावशीला सोसेना. दिवाळीत हेमांगी आली, मावशीच्याच घरी, मावशीच्याच पाटावर, आणि पिशवीतून डबा काढला. शेजारच्या बाईने भुवया वर केल्या. मावशीच्या काळजात कळ आली. 'माझ्या घरात माझ्या बहिणीची पोर डबा खाते?' — हे त्यांना रात्रंदिवस खायला लागलं.

पुढे माघात महिला मंडळाची खाद्यजत्रा ठरली, शाळेच्या पटांगणात. तीसएक टपऱ्या — वडे, भजी, मिसळ, पुरणपोळी, झालंच तर ते चायनीज. मावशींनी मंडळाच्या अध्यक्षबाईंना सांगितलं, "माझी टपरी गव्हाशिवायची. कण सापडला तर नाव बदलेन." आणि हेमांगीला फोन. "यायचंस. चारचौघांत उभं राहून जेवायचंस. आणि हे बघ, डबा आणायचा नाही. डबा आणलास तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

प्रेमच होतं ते. नाही कोण म्हणतो?

आणि बाईने कष्ट किती घेतले! गिरणीत ज्वारीच्या आधी गहू दळलेला असतो, हे तिला हेमांगीनेच सांगितलं होतं. म्हणून माळ्यावरचं जातं काढलं, धुतलं, वाळवलं. ज्वारी घरी दळली, हरभऱ्याची डाळ घरी दळली. तवा नवा, परात नवी, झारा नवा. आठ दिवस घरात पोळी लाटली नाही. मावशींचे यजमान बापूकाका — रोज चार पोळ्या खाणारा माणूस — आठ दिवस भातावर. पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, दुखणं तिला आहे ना? मग पथ्य मला का?" मावशी म्हणाल्या, "गप जेवा."

जत्रेचा दिवस. ऊन चढलेलं. मावशींच्या टपरीवर खडूने लिहिलेली पाटी — 'इथे गहू नाही'. भाकरी, झुणका, भात, नाचणीचे लाडू आणि मोठ्या पातेल्यात आमटी. हेमांगी आली. हात मोकळे. डबा नाही! मावशींना भरून आलं. ताट वाढलं, आजूबाजूला मंडळाच्या बायका जमल्या, अध्यक्षबाईही आल्या. "बघा, माझी भाची. आज माझ्या हातचं जेवणार."

हेमांगीने भाकरी मोडली. झुणका खाल्ला. आमटीची वाटी उचलली, वास घेतला, आणि हळूच, कानाशी येऊन विचारलं, "मावशी, हिंग कुठला घातलास गं?"

आता, मंडळी, इथे थांबा. प्रश्न काय होता? एवढासा. पण चार बायका ऐकत होत्या. आठ दिवसांची मेहनत पाठीशी होती. मावशींच्या मनात आलं — जात्यावर दळून हात सोलले, तरी हिला शंका? या बायकांसमोर?

"हिंग हिंगच असतो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं घालतेय. हिंगात कुठून आला गहू?"

"पाकीट असेल तर बघते ना एकदा."

"पाकीट कधीच फेकलं. डबीत भरून ठेवते मी." आणि मग जे बोलायला नको होतं, ते तोंडातून गेलं — "हॉटेलवाल्यांना विचारतेस तसं आता मलाही विचारणार का गं? तुझ्या आईला विचारलं असतंस?"

हेमांगीने मावशीच्या तोंडाकडे बघितलं. क्षणभरच. मग हसली. "नाही गं, सहज विचारलं," म्हणाली, आणि वाटी तोंडाला लावली. मावशींनी दुसरी वाटी वाढली. "घे, माझ्यासाठी घे." तीही प्यायली. वर म्हणाली, "अगदी आईच्या हातची चव." मावशींनी पदराने डोळे पुसले. त्या दिवशी साऱ्या पटांगणात त्यांच्याएवढं सुखी कुणी नव्हतं हो. दुपारच्या गाडीने हेमांगी पुण्याला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन. सदानंद त्याचं नाव, हळू आवाजाचा माणूस. "मावशी, रागावू नका. ती नको म्हणत होती, तरी करतोय फोन. तुम्ही हिंग कुठला वापरता, जरा बघून सांगाल का?"

"का रे? काय झालं?"

"परवा संध्याकाळपासून उलट्या, जुलाब. काल दवाखान्यात सलाईन लावलं. आता बरी आहे. पण डॉक्टर म्हणाले, काहीतरी गव्हाचं पोटात गेलंय."

मावशींनी पायात चपला सरकवल्या आणि वाण्याच्या दुकानात गेल्या. नेहमीच्या हिंगाचं पाकीट मागितलं. अक्षरं बारीक, चष्मा घरी राहिलेला. म्हणाल्या, "यात काय काय आहे, वाचून दाखव." वाण्याने वाचलं — डिंक, गव्हाचं पीठ, आणि मग हिंग. मावशी म्हणाल्या, "पुन्हा वाच." त्याने पुन्हा वाचलं. म्हणाला, "मावशी, पिवळ्या हिंगात पीठ असतंच की. नुसता हिंग इतका उग्र, हातात धरवत नाही. पिठात मुरवूनच विकतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

चाळीस वर्षं! हजारो फोडण्या! आणि डबीत काय आहे ते ठाऊक नाही. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक होतं? हात वर करू नका, मलाही नव्हतं. न ठाऊक असणं हा गुन्हा नाही. मावशींचा गुन्हा वेगळा होता, आणि तो त्यांना वाण्याच्या पायरीवरच कळला. विचारलं होतं पोरीने. सरळ विचारलं होतं.

घरी येऊन फोन लावला. पलीकडून आवाज आला, बारीक, थकलेला. "मावशी, तुझी काय चूक त्यात? होतं असं."

"तुला ठाऊक होतं? हिंगात पीठ असतं म्हणून?"

हेमांगी म्हणाली, "हो. बहुतेक हिंगांत असतं."

"मग का खाल्लंस गं?"

"तू समोर उभी होतीस ना," ती म्हणाली. "सगळ्यांच्या देखत मी वाटी खाली ठेवली असती तर तुला किती वाईट वाटलं असतं."

मंडळी, जिच्या पोटासाठी आठ दिवस जातं ओढलं, तिने मावशीचा अभिमान राखायला जाणूनबुजून विष पोटात घेतलं. आग्रह कुणाचा होता, आणि सोसलं कुणी? मावशी फोन ठेवून ओट्याशी बसल्या. बापूकाकांनी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "मी पोरीला जेवू नाही घातलं हो. माझंच कौतुक करून घेतलं."

तुम्ही म्हणाल, चूक कळली, मिटलं की सगळं. नाही मिटलं. तेच सांगायचंय.

गौरींना हेमांगी आली. तब्येत सुधारली होती, वागण्यात कुठे राग नाही. वाकून नमस्कार केला, मावशीच्या गळ्यात पडली, गौरीपुढे दोन फुगड्याही घातल्या. मावशींनी सगळी तयारी ठेवली होती. पीठ न मिसळलेला खडा हिंग कुठून कुठून मागवलेला. मसाल्याचं, तिखटाचं, डाळीचं प्रत्येक पाकीट जपून, लिहिलेली बाजू पुढे करून, मांडणीवर ओळीने लावलेलं. आता ती विचारेल, आणि आपण एकेक पाकीट तिच्या हातात देऊ. चष्मासुद्धा कपाळावर चढवून ठेवला होता.

जेवणाची वेळ झाली. हेमांगी त्या मांडणीखालीच पाटावर बसली. पिशवी उघडली, डबा काढला, झाकण काढलं. म्हणाली, "मावशी, तूही बस ना, गार होतंय."

विचारलं नाही तिने. काहीच विचारलं नाही.

मावशी उभ्याच्या उभ्या. बोलावंसं वाटलं, 'एकदा विचार गं, बाई. एकदाच विचार.' पण त्या दिवशी पटांगणात विचारलं तेव्हा आपण काय उत्तर दिलं, ते आठवलं. तेव्हा त्यांना समजलं. परक्याकडे माणूस डबा नेतो आणि गप्प खातो. 'यात काय घातलंस?' हे माणूस आपल्या माणसालाच विचारतो. पोरीने मावशीवर शंका घेतली नव्हती, भरवसा टाकला होता. आणि तो चार बायकांसमोर मावशींनी झिडकारला. पोर आजही येते. हसते, बोलते, राहते. फक्त त्या घरचं जेवत नाही. माहेर आहे, माहेरचं जेवण गेलं.

तर मंडळी, आख्यान इथे संपलं. आता जरा तुमच्याकडे वळतो. कीर्तनानंतर इथे प्रसादाची पंगत आहे. पदर खोचून उभ्या आहेत माझ्या बहिणी, पंचे बांधून उभे आहेत वाढपी. देवाला नैवेद्य दाखवला की तो बिचारा तक्रार करत नाही, म्हणून आपल्याला वाटतं, कुणीच करू नये. पण या गर्दीत कुणी असेल, जो पान पुढे करण्याआधी विचारेल, 'यात काय आहे हो?' त्याला 'प्रसादाला नाही म्हणू नये' असं सांगू नका. 'एवढ्याने काय होतंय' तर मुळीच म्हणू नका. पळी खाली ठेवा. ठाऊक असेल तर सांगा, ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा. त्याने नको म्हटलं, तर हसून पुढच्या पानाकडे जा.

आणि घरी गेल्यावर आठवून बघा. तुमच्या पाटावर बसणारं कुणी असं आहे का, जे पूर्वी विचारायचं आणि आता विचारत नाही? असेल, तर देवाच्या पाया पडण्याआधी त्याला एक फोन करा. एवढं बोलून ही वाणी देवापुढे ठेवतो, आणि वीणा खुंटीला लावतो.