रोवेनाच्या गाडीचा फिल्टर

(विरारजवळचं नंदाखाल गाव. मे महिन्यातली सकाळ. घराच्या ओट्यावर वॉल्टर, उजव्या हातात रबरी बॉल, आणि त्याच्याकडून व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट रोवेना; आतून चहा घेऊन येणारी वॉल्टरची बायको उर्सुला. अंगणात रोवेनाची मोटरसायकल. ओट्याला लागून एका गॅरेजचं बंद शटर.)

रोवेना : तेरा... चौदा. एकच राहिला, अंकल. मूठ पूर्ण उघडा.

वॉल्टर : गाडी कधीपासून अशी झाली?

रोवेना : आधी मूठ.

वॉल्टर : उघडली. आता सांग. दोन आठवडे झाले, तू चर्चच्या वळणावर आलीस की मला इथे बसून ऐकू येतं. इंजिनाला हवा पुरत नाही. पुलावर मागे ओढते ना?

रोवेना : विरारच्या पुलावर तर मागचे रिक्षावाले हॉर्न मारतात. पेट्रोलही जास्त जातंय. काल दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला एअर फिल्टर बदला. दोन प्रकारचे दाखवले. मला काही कळेना, म्हणून दोन्ही घेऊन आले. एक संध्याकाळी परत द्यायचा आणि दुसरा त्याच्याकडूनच बसवून घ्यायचा.

उर्सुला : चहा घे आधी. आणि आज यांच्यासमोर गाडीचा विषय नको काढूस, बाय. दुपारी शेल्डन येणार आहे चावी न्यायला.

रोवेना : कसली चावी, आंटी?

उर्सुला : गॅरेजची. माझ्या भावाचा मुलगा तो, मंडप-डेकोरेशनचं काम करतो. खुर्च्या, कापडं ठेवायला त्याला जागा हवी होती. ख्रिसमसच्या आठवड्यात यांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हापासून आत कोणी पाय ठेवलेला नाही. उंदीर झालेत. आणि हे रोज सकाळी इथे बसून त्या शटरकडे बघत राहतात. मला ते बघवत नाही ग. आत दुसऱ्याचं सामान आलं, तर निदान बघणं तरी सुटेल.

रोवेना : अंकल, तुम्ही हो म्हणालात?

वॉल्टर : तीस वर्षं या हाताने गाड्या खोलल्या. आता शर्टाचं बटण ही लावते. नाही म्हणून काय करू? फिल्टर दाखव.

रोवेना : हा कागदाचा, कंपनीचा. आणि हा लाल, कापडी. दुकानदार म्हणाला, मॅडम हाच घ्या, धुऊन पुन्हा वापरायचा, जन्मभर बघायला नको. पिकअप पण वाढतो म्हणे.

वॉल्टर : तू शर्यती लावतेस?

रोवेना : मी पेशंटकडे जाते. विरारहून निघून एव्हरशाईनला दोन घरं, मग तुम्ही, मग आगाशी.

वॉल्टर : एव्हरशाईनच्या मागे बिल्डिंगी उठतायत, तो रस्ता?

रोवेना : रोज. पुढे डंपर असतो. घरी गेल्यावर ओढणी झटकली की नुसतं सिमेंट.

वॉल्टर : मग ऐक. लाल वाईट नाही. हवा जास्त सोडतो, हे खरं. पण त्याची जाळी मोकळी, म्हणून बारीक धूळ धरायला त्याला तेल लावावं लागतं. धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग त्याचं वेगळं तेल असतं ते बेतानं लावायचं. कमी पडलं तर धूळ आत. जास्त झालं तर तेल पुढे सेन्सरवर. किती दिवसांनी धुशील?

रोवेना : खरं सांगू? हेल्मेटच्या आतलं कापडसुद्धा मी सहा महिने धुतलेलं नाही.

वॉल्टर : मग कागदाचा. बारीक धूळ हाच चांगली धरतो. मळला की फेकायचा, धुवायचा नाही. गाडीच्या पुस्तकात जेवढे किलोमीटर लिहिलेत त्याच्या निम्म्यावर बदल. तुझा रस्ताच तसा आहे.

रोवेना : आणि स्पंजचा? पप्पांच्या जुन्या गाडीत होता.

वॉल्टर : फोमचा. तोही धुवायचा, तेलात भिजवून पिळून लावायचा. केळीच्या बागेत फिरणाऱ्या गाड्यांना मी तोच घालायचो. चिखल, पाला, सगळं सोसतो बिचारा. पण तुझ्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात बसणार नाही.

उर्सुला : बघ. डॉक्टर विचारतात तेव्हा हे हो-नाहीच्या पुढे जात नाहीत.

रोवेना : अंकल, हा तुम्हीच बसवा.

वॉल्टर : चेष्टा नको.

रोवेना : नाही करत. बॉल दाबायचा तुम्हाला कंटाळा येतो, मला दिसतं ना. हे त्याहून चांगलं एक्झरसाइज आहे.

उर्सुला : नको ग. मागे बल्ब लावायला गेले, हातातून पडून फुटला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रोवेना : पडलं तर मी उचलेन, आंटी. मी खालीच बसते.

वॉल्टर : उर्सुला, शटर उघड.

उर्सुला : खरंच?

वॉल्टर : उघड तर. कुलूप गंजलं असेल, थोडं तेल सोड.

रोवेना : थांबा आंटी, मी पण लावते हात. जड आहे. बाप रे, काय वास येतोय, ग्रीसचा. सगळं किती जागच्या जागी आहे.

वॉल्टर : फळीवर डावीकडून तिसरा स्क्रू ड्रायव्हर, काळ्या मुठीचा. तो नाही. बाजूचा. हं. आता गाडी ओट्याजवळ घे, सीट काढ, मग हे कव्हर. हा काळा डबा दिसतो ना, याच्यात फिल्टर. पाच स्क्रू.

रोवेना : डावा हात मागे घ्या.

वॉल्टर : डाव्याने पटकन होईल.

रोवेना : पटकन कोणाला हवंय? पुढचा पेशंट बारा वाजता आहे.

वॉल्टर : बोटं मिटतात, पण पकड येत नाही. मूठच फिरते हातात. स्क्रू जागचा हलत नाही.

रोवेना : द्या इकडे. मुठीला हा रुमाल गुंडाळते. जाड झाली की धरता येईल. कोपर अंगाला लावा. मनगटावर जोर नको, सगळा हात फिरवा. सावकाश.

वॉल्टर : हलला.

उर्सुला : हलला?

वॉल्टर : एक निघाला. बशीत ठेव, हरवेल.

रोवेना : दुसरा.

वॉल्टर : हा सोपा होता. तिसरा कोपऱ्यात आहे, तिथे हात वाकत नाही. थांब. गेला. ड्रायव्हर पडला. बस झालं, रोवेना. हे माझं काम राहिलं नाही. उर्सुला, शेल्डनला सांग, दुपारची वाट कशाला बघतो, आत्ताच ये म्हणावं.

उर्सुला : सांगते. आधी हा घ्या स्क्रू ड्रायव्हर.

वॉल्टर : नको म्हटलं ना.

उर्सुला : तीस वर्षं इथून हाका मारायचात, उर्सुला हे दे, उर्सुला ते दे. चुलीवर कालवण असायचं आणि मी पाने-पक्कड घेऊन धावायचे. वैतागायचे, शिव्यासुद्धा घालायचे मनात. आता पाच महिने कोणी हाक मारत नाही. घ्या. पुन्हा पडला तर पुन्हा देईन.

वॉल्टर : रुमाल सुटलाय त्याचा.

उर्सुला : बांधते. घट्ट झाला?

वॉल्टर : हं. रोवेना, गाडी जरा माझ्याकडे कलती कर. अशी. धरून ठेव.

रोवेना : तीन. चार. पाच. अंकल, घाम पुसा.

वॉल्टर : झाकण काढ. बघ, हा तुझा फिल्टर. पांढरा होता कधीतरी.

रोवेना : हा तर रस्त्यासारखा दिसतोय. मी यातून गाडीला श्वास घ्यायला लावत होते?

वॉल्टर : आता डबा ओल्या फडक्याने पूस. फुंकर मारू नकोस, धूळ नळीतून पुढे जाईल. हं. आण नवा. मी बसवतो.

रोवेना : बसला. झाकण लावू?

वॉल्टर : थांब. बसला नाही.

रोवेना : मला तर बरोबर दिसतोय.

वॉल्टर : दिसणार नाही. खालच्या कोपऱ्यात रबराची किनार दुमडली आहे. असंच झाकण लावलं तर हवा फिल्टर सोडून त्या फटीतून जाईल, आणि तुझं सिमेंट सरळ इंजिनात. मग कुठलाही फिल्टर घाल, सारखाच.

रोवेना : न दिसता कसं कळलं तुम्हाला?

वॉल्टर : हाताला लागलं.

रोवेना : कुठल्या हाताला, अंकल?

उर्सुला : उजवा आहे. आत उजवा आहे त्यांचा.

रोवेना : अंकल, हात काढू नका. परवा मी या बोटावर पेनाचं टोपण टेकवलं, तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं. डोळे मिटा. किनारीवरून बोट फिरवा आणि सांगा.

वॉल्टर : सरळ आहे. सरळ. इथे दुमड. पुन्हा सरळ. आता प्लास्टिक.

रोवेना : आता? मी हात धरून नेते. हे काय?

वॉल्टर : गार आहे. गोल. उर्सुलाची बांगडी.

उर्सुला : रडू नको म्हणणार असाल तर म्हणू नका.

वॉल्टर : काही म्हणत नाही. रोवेना, हे टिकेल?

रोवेना : खोटं सांगणार नाही. पूर्ण पहिल्यासारखा हात होईल असं मी म्हणणार नाही. इंजिन उचलणं, टायर ओढणं नको. पण स्पर्श परत येतोय, हे नक्की. त्याला काम दिलं तर वाढेल. रोज दोन तास, बसून. फिल्टर, प्लग, केबल.

वॉल्टर : फिल्टर, प्लग, केबल. निम्म्या गाड्यांना तेवढंच लागतं. चल, किनार सरळ केली. झाकण दे. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, आधी पाचही धरून घ्यायचे.

उर्सुला : हॅलो, शेल्डन? आत्या बोलते. दुपारी चावीसाठी येऊ नकोस, बाबा. नाही रे, दुसऱ्या कोणाला नाही दिली. तुझ्या खुर्च्या मागच्या पडवीत ठेव, मी तिथे जागा करते. काय झालं ते आल्यावर सांगते. जेवायलाच ये.

वॉल्टर : चालू कर गाडी. रेस दे. अजून. सोड. हं.

रोवेना : केवढी हलकी झाली. अंकल, मी निघते, आगाशीला उशीर होईल. गुरुवारी नेहमीप्रमाणे दहाला येते.

वॉल्टर : गुरुवारी आठला ये. नंतर मला वेळ नसेल.