मलमाची डबी आणि तिचे झाकण

मी, वर नाव-पत्ता नोंदवलेली महिला, वय ६३ वर्षे, व्यवसाय निवृत्त औषधनिर्माणशास्त्र अध्यापिका, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी व माझा थोरला भाऊ, धंदा घड्याळदुरुस्ती, लहानपणापासून व्हिक्टोरिया राणीच्या काळातील चिनीमातीच्या मलमाच्या डब्या जमवतो. नऊ वर्षांपूर्वी औषधांच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या भंगारात आम्हांला एक डबी व एक झाकण मिळाले. ती मूळची जोडी आहे, असे माझे म्हणणे, "कुणाचं झाकण कुणाला!" असे दादाचे. त्याने डबी घेतली, मी झाकण. तेव्हापासून आमचे बोलणे वहिनीमार्फत होते.

परवा झाकण ओल्या ब्रशने पुसताना काठावरचा रंग निघाला व खाली केसासारखा तडा दिसला. दादाच्या डबीलाही तडा आहे, हे मला आठवत होते. येथे खुलासा करते की, झाकण लावलेली डबी पडल्यास तडा वरून सरळ खाली उतरू शकतो. दोन्ही तडे जुळले, तर जोडी खरी. (हवालदारांना हे चहाच्या किटलीवर बोटाने रेघ ओढून दाखवले. त्यांना पटले.)

काल सकाळी दहा वाजता मी दादाच्या घरी गेले. तो न्हाव्याकडे गेला होता. वहिनीने स्वतः कपाटातून डबी काढून दिली व म्हणाली, "न्या वन्सं, पण हे केस कापून येतील तोवर परत आणा. माझ्या डोक्याला ताप नको." घरी येताच तडे जुळवले. जुळले. मग भिंगातून, तिरप्या उजेडात, पट्टी लावून पुन्हा पुन्हा तपासले. घड्याळ पाहिले तेव्हा पावणेदोन वाजले होते. तोवर, डबी आपणच दिली असे वहिनीने सांगूनही, दादा चोरीची तक्रार देऊन मोकळा झाला होता.

आज ठाण्यात दोन्ही वस्तू टेबलावर ठेवण्यात आल्या. दादाने खिशातले भिंग डोळ्याला लावले. झाकण डबीवर फिरवून तडे जुळवले. मग थेट मला म्हणाला, "तपासायला नऊ वर्षं लावलीस होय गं, गाढवे?"

"तू ऐकून घेतलंस का कधी?"

हे लिहू का, असे हवालदारांनी विचारता दादा म्हणाला, "लिहा, लिहा."

त्याने तक्रार मागे घेतली आहे. डबी झाकणासह माझ्याकडे राहावी, असे तो म्हणतो. त्याच्याकडे राहावी, असे मी म्हणते. वस्तू ताब्यात मिळाल्याच्या पावतीवर नाव कोणाचे, यावर आम्ही पाऊण तास समोरासमोर भांडत आहोत.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्याने वाचला, आम्ही दोघांनी ऐकला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. पावती अद्याप कोरी आहे.