पावडरीखालचे चट्टे

नाही हो बाई, रंग आज नाही लावणार — आज कानामागे नुसता एक ठिपका लावते, दोन दिवस थांबायचं, खाजलं-बिजलं नाही तर परवा या. उद्या शाळेत तुमचा निरोप समारंभ, फोटो निघणार, सगळं कळतं मला. पण इतकी वर्षं पोरांना थोपवून धरलंत, दोन दिवस स्वतःला नाही धरवत? हसा, हसा. — काय म्हणालात? मागच्या वेळी पापण्या सुजल्या होत्या? दुसरीकडे रंगवले तेव्हा? आणि हे आत्ता सांगताय, गळ्याला टॉवेल बांधून झाल्यावर! मग ठिपकासुद्धा नाही. आधी डॉक्टर. एकदा पापण्यांवर भागलं, पुन्हा भागेलच असं नाही.

कशावरून म्हणजे? पाहिलंय मी. सहा वर्षं झाली. एक गिऱ्हाईक होतं — संध्याकाळी मुलीचं लग्न, दुपारी केस रंगवायला बसलं. मीही घाईत, ठिपका वगैरे काही केला नाही, म्हटलं घरचंच माणूस, त्याला कशाला — हो, घरचंच. माझी थोरली बहीण, माई. केस धुतले आणि मानेवर लाल चट्टे उठले, गांधी उठतात ना, तसे. मग ओठ जाड झाले. मी काय करावं? सगळा जन्म लोकांचे चेहरे सावरण्यात गेलेला, मला चेहराच दिसला. बर्फ लावला, खाजेची गोळी दिली आणि चट्ट्यांवर पावडरीचा थर चढवला. ती म्हणतेय, अगं, घसा आवळल्यासारखा होतोय, आवाज घोगरा, मळमळतंय — आणि मी म्हणते, बोलू नकोस, लिपस्टिक फिसकटेल. असं म्हणाले मी. मग ती उलटीसाठी म्हणून उठली आणि उभ्या उभ्या कोसळली.

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच केले, तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला. मला म्हणाल्या, चट्टे उठले आणि वर घसा, श्वास, चक्कर असलं काही झालं की वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. आडवं निजवायचं, धाप असेल तर टेकवून बसवायचं, पण उठून चालू द्यायचं नाही. गोळी खाजेला, जिवाला नाही. मग त्यांनी कापसानं माईचं तोंड पुसलं — खाली सगळं लालभडक. म्हणाल्या, "हे कुणी थापलं?" आणि मी म्हणाले, "पार्लरवालीनं."

नाही नाही, आहे ना माई, ठणठणीत आहे. पण तिला माहीत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काय लावलं — लग्नघर, सगळे माझ्याकडे बघतायत — मी म्हटलं, सकाळी अंडं खाल्लं होतं. झालं! सहा वर्षं अंड्याला शिवली नाही बिचारी, आणि केवढी आवड तिला. केकचा तुकडासुद्धा मला विचारून खाते. आणि मी सांगते, नको खाऊस.

केस? मागे लागते ना, रंगव गं, म्हातारी दिसते मी. मी म्हणते, माल संपलाय, माझी कंबर धरलीय, तुला पांढरेच शोभतात. किती थापा मारायच्या, दमले हो मी. काल चिडली फोनवर. म्हणाली, राहू दे तुझा भाव, आमच्या खालीच नवीन पार्लर निघालंय, शनिवारी तिथंच बसते जाऊन.

शनिवार म्हणजे — उद्याच की.

असं बघू नका माझ्याकडे. डॉक्टरांना पापण्यांचं सांगा, सगळं सांगा, लपवू नका काही. टॉवेल राहू दे खुर्चीवरच. उठा बाई, या आता. मला फोन करायचाय.