आजीचा पेला आणि एक जड शब्द

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्हीच बोललात ना?" अहो, बोललो! पण ते माझं बोलणं होतं का? तुम्हाला सांगतो, मी आपला पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणणारा माणूस! 'झडप उघडा, झडप बंद करा', संपलं! झडपेला भावना नसतात!

पण शेजारच्या नायेलीला मागणी घालायला तिच्या डेरेकचा बाप थेट अमेरिकेतल्या मिनेसोटाहून आमच्या मेक्सिकोतल्या वाहाकाच्या खोऱ्यात उतरला, स्पॅनिशचा गंध नाही, म्हणून धरलं मला. पाव, चॉकलेट, जिवंत टर्की, सगळं रीतसर. टर्की माझ्या मांडीवर! समोर नायेलीची आजी, डोन्या क्रेसेन्सिया, पुढ्यात आम्ही नेलेल्या चॉकलेटचा पेला. आजीनं पेला तोंडाला लावला की होकार, नाही लावला की उचला टर्की आणि चालू लागा.

बाप उठला. म्हणे, ह्या मोलेच्या रश्श्यावर माझं 'लव्ह' आहे. बरं! ह्या कुत्र्यावर 'लव्ह' आहे. बरं बाबा! आणि त्याच दमात, माझ्या मुलाचं तुमच्या नातीवर 'लव्ह' आहे! अहो, रश्श्याला तोच, कुत्र्याला तोच, सुनेला तोच? आमच्याकडे असं चालतं होय? रश्श्याला वेगळा शब्द. माणसांना 'केरेर', तो आईला चालतो, मावशीला चालतो. आणि 'आमार'... तो जन्मात एकदा काढायचा, तोही जपून! आता ह्यातला कुठला? मी आपला पंपांचा माणूस!

मी भीत भीत 'केरेर' म्हटलं. आजी म्हणाली, "एवढंच? तेवढं तर माझं कोंबड्यांवरही आहे. रविवारी कापते त्यांना." पेला जागच्या जागी! नायेलीचा चेहरा पांढराफटक, मागून मला कोपर, "काका, दुसरा! दुसरा म्हणा ना!" तिचा बाप पलीकडून गुरगुरतोय, "दुसरा म्हणणारे सगळे मालिकेतले, पहिल्या भांडणात पळतात!" पोरीच्या डोळ्यांत पाणी हो... मला नाही बघवलं. म्हणून टाकलं, "आमार!"

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. टर्कीसुद्धा! आजी म्हणाली, "कोण म्हणतंय हे?" म्हटलं, "हे, मुलाचे वडील." "त्याचं मला काही कळलं नाही. तुझं कळलं." आणि पेला घटाघटा रिकामा!

झालं! आमच्या गावात मागणीचा शब्द ज्याच्या तोंडून निघाला, त्या संसाराचा जामीन तोच. डेरेकनं भांडी घासली नाहीत, की नायेली माझ्या दारात. "काका, तुम्ही 'आमार' म्हणाला होतात!" डेरेक घोरला, तरी माझ्या दारात! अहो, पंप बिघडला तर कोणी भाषांतर करणाऱ्याला धरतं का?

परवा दोघं आली, डेरेक डोळे पुसत म्हणाला, माझं हिच्यावर 'लव्ह' आहे, आणि बघतोय माझ्याकडे. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागे आमची ओर्तेन्सिया, हातात पळी. "सांगा, सांगा! मलाही ऐकू दे तो शब्द. इतकी वर्षं संसार केला, माझ्या वाट्याला आपला कोंबड्यांचाच!"

झडप बंद केली.