मामाजीची कपबशी

हसून राहिल्या तुम्ही, पण मले कपबशीत चहा नको. गिलासातच द्या. कावून ते ऐका.

भिलाईचा प्लांट बांधून राहिले होते तवाची गोष्ट. आमचे हे तिथंच नोकरीले होते, अन् आमी एका खोलीत राहत होतो. आमच्या यायनं ऑफिसात सांगून टाकलं का बुढा बाप माह्याजवळच राहते, मीच त्याले पोसतो. असं सांगितलं का दोन खोल्यायचं क्वार्टर भेटे. माहे सासरे, मामाजी, तर गोंदियाकडे गावात एकटेच हातानं रांधून खात होते.

मंग कळलं का ऑफिसातला बाबू घरी चौकशीले येते. हे पळतच गेले अन् मामाजीले घेऊन आले.

बाबू नागपूरकडचाच होता. त्यानं मामाजीले विचारलं, "बाबा, इथंच राहता?"

मामाजी म्हणाले, "हो साहेब. पोराजवळच."

मी चहा आणला. घरात कपबशा दोनच, त्याही पाहुण्यायसाठी ठेवलेल्या. एक बाबूले देल्ली. दुसरी, काही ध्यानात यायच्या आधीच, मामाजीच्या हातात देल्ली. यायले गिलास.

बाबूनं दोन्ही कपायकडे पाह्यलं अन् म्हणाला, "आज दोन पाहुणे आले वाटते, बाई."

माही मान खाली गेली. हे भिंतीकडे पाहून राहिले.

मामाजीच बोलले, "माही सून लई मानते मले, साहेब. रोज कपातच देते."

क्वार्टर भेटलं. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं मामाजी परत निघाले. दारात चपला घालता घालता हळूच मले म्हणाले, "पोरी, आता येईन तवा मले गिलासातच चहा देजो."