कोरडा मामा

तुम्ही हसाल, पण मला एका ओल्या लुंगीचा हेवा वाटायचा. मेलबर्नहून शिकून रोडपालीला परतलो तो डायपरच्या कचऱ्याविरुद्ध पेटूनच. ताईच्या दीड वर्षाच्या मिनूला हट्टाने कापडी लंगोट बांधायला लावले. ते गळायचे, तेही नेमके शेजारच्या म्हात्रेकाकांच्या मांडीवर. माझ्याकडे आली की मिनू भोकाड पसरायची.

काका ओली लुंगी मिरवत म्हणायचे, "पोरीला आपली मानसं बरोबर कलतात. मामा अजून कोरडाच हाय!"

माझा नुसता जळफळाट.

परवा मुलाखतीला निघताना बूट घालायला बसलो, तर मिनू आपणहून मांडीवर येऊन बसली. ताई ओरडली, "अरे गळतंय! ऊठ, पँट बदल!"

"थांब गं," मी म्हणालो. "आधी काकांना बोलाव."