कोऱ्या रकान्याचे गुण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय संभाजीराव भिंताडे, प्राचार्या डॉ. प्रेमलाताई केंजळे, विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावरून वेळ काढून आलेले डॉ. रंगराव नाझीरकर, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातली आणि प्रयोगशाळेतली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि लवकर निघता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले माझे घरचे लोक, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. हेमाताईंनी समोर घड्याळही आणून ठेवलंय. चौतीस वर्षं माझ्याबरोबर एका विभागात काम केल्यावर त्यांचा माझ्यावर किती विश्वास आहे, हे त्यावरून आपल्या लक्षात येईल.

आपण शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. आपल्या विभागातल्या तेजसने, म्हणजे आता प्राध्यापक तेजस म्हणायला हवं, मानपत्र फार सुरेख वाचलं. एवढे सद्गुण माझ्यात असल्याचं आमच्या घरी कळलं असतं तर माझे बरेच त्रास वाचले असते. पण त्यातल्या एका वाक्याशी मी अडखळलो, आणि आज त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे. त्यात म्हटलंय, 'कुटुंब-सर्वेक्षणाच्या अहवालात "माहिती मिळाली नाही, का?" हा रकाना आणि त्यासाठी पाच गुण, ही मूल्यमापनाची नवी दृष्टी प्रा. मच्छिंद्र वारे यांनी स्वतःच्या चिंतनातून दिली.' डॉ. रंगरावांनी तर आता आठ महाविद्यालयांत ही पद्धत चालते, असंही सांगितलं. आपण टाळ्या वाजवल्यात. मीही मान लववून त्या घेतल्या.

हे वाक्य खरं नाही. तेजसची चूक नाही, त्याला खरं कोणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांचा भूगोलाशी दहावीनंतर संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आमची मुलं एखाद्या गावात जातात. प्रत्येकाने वीस घरांत जायचं, छापील फॉर्म भरून आणायचा. माणसं किती, जमीन किती, पीक कोणतं, विहीर आहे का, जनावरं किती. मग त्यावरून तक्ते, आकृत्या, नकाशा आणि अहवाल. अहवालाला वीस गुण. आता हे गुण द्यायचे कसे? चाळीस मुलं, आठशे फॉर्म आणि तपासायला तीन दिवस. मी नियम केला होता, की सगळे रकाने भरलेले असतील तर पूर्ण गुण, कोरे असतील तितके कापायचे. शिवाय एका वस्तीवर दोन मुलं पाठवायची, म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याच्या माहितीशी ताडून बघता येईल. असा नियम करणाऱ्याचं कौतुकच व्हायला हवं, नाही का? फक्त एवढंच, की मी ती कधीही ताडून बघितली नाही.

दोन हजार दोन सालची गोष्ट. त्या वर्षी आम्ही वाघोलीच्या पलीकडच्या वस्त्या घेतल्या होत्या. कंपन्या येणार, रस्ता रुंद होणार, अशी तिकडे रोज नवी बातमी होती. एका वस्तीवर पियुष आणि रुपाली अशी दोन मुलं मी पाठवली. पियुषने अहवाल कॉम्प्युटरवर टाइप करून आणला. रंगीत वर्तुळाकृती, स्पायरल बाइंडिंग, वीसच्या वीस फॉर्म भरलेले. आमच्या विभागात तोवर असं काही कोणी आणलं नव्हतं. मी पूर्ण गुण दिले आणि अहवाल काचेच्या कपाटात ठेवला.

रुपालीचे फॉर्म चुरगळलेले होते. सात भरलेले, तेरा अर्धेमुर्धे. जमिनीचा रकाना कोरा, आणि समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं. एका ठिकाणचं मला आजही पाठ आहे. 'जमीन किती, असे विचारल्यावर गृहस्थ उठून गोठ्यात गेले. गोठा रिकामा आहे. बाईंनी पाणी दिले व पुन्हा येऊ नका म्हणाल्या.' मी त्यावर लाल पेनने लिहिलं, 'माहिती अपूर्ण.' वीसपैकी चार. नकाशे तिचे बेताचेच होते, प्लेन टेबल मांडून जागेवर नकाशा काढायला शिकवतात तेव्हा ती आजारी पडली होती. ती प्रात्यक्षिकाच्या पेपरात तीन गुणांनी नापास झाली.

गुणयाद्या गेल्यावर मे महिन्यात मी स्वतः त्या वस्तीवर गेलो. कळकळीने गेलो, असं समजू नका. मला एका परिषदेत निबंध वाचायचा होता, त्यासाठी चार फोटो हवे होते. पियुषच्या फॉर्ममध्ये कचरू नावाच्या शेतकऱ्याची आठ एकर जमीन होती, ज्वारी होती, बैलजोडी होती. मी पोचलो तर तिथे सिमेंटची भिंत आणि लोखंडी फाटक. फाटकावर जो वॉचमन बसला होता, तोच कचरू.

मी विचारलं, आमची मुलं आली होती ना?

तो म्हणाला, "पोरं नाय आली कुनी. एक पोरगी आलती. तिला म्हनलं, बाय, जमिनीचं तेवढं इचारू नगंस. तर गप बसली बिचारी घटकाभर. आन् गेली."

जमीन विकून त्याला वर्ष झालं होतं. पियुष गावात गेलाच नव्हता. मतदारयादीतली नावं घेतली, चार वर्षांपूर्वीच्या मुलांचा अहवाल मिळवला, आकडे थोडे वरखाली केले. मग मी कपाटातले बाकीचे अहवाल काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा ताडून बघितले. सगळ्यांनी हेच केलं होतं. दर वर्षी हेच होत असणार. पियुषला मी दोष देत नाही. सर भरलेला रकाना मोजतात, हे त्याला कळलं आणि त्याने रकाने भरून दिले. तो आज परदेशात नकाशांच्याच एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, सकाळीच त्याची शुभेच्छांची ई-मेल आली.

निकाल लागायला अजून तीन आठवडे होते. परीक्षा विभागाला एक पत्र लिहायचं होतं, की माझ्याकडून गुणदानात चूक झाली आहे. पत्राचा मसुदाही मी केला होता. पण एका मुलीचे गुण वाढवायचे तर एकोणचाळीस जणांचे का कापत नाही, हे विचारलं गेलं असतं. जुलैत महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला समिती यायची होती आणि विभागाच्या फाइलमध्ये पहिलं नाव याच सर्वेक्षणाचं होतं. माझा निबंधही त्याच आकड्यांवर उभा होता. मसुदा मी खणात ठेवून दिला.

निकालानंतर रुपालीची आई आली. यमुनाबाई. हे लोक मूळचे बुलढाण्याकडचे, वडील कारखान्यात, राहायला विश्रांतवाडीला. बाई विभागाच्या दारात चपला काढून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तीनच मार्क कमी हायेत नं? हिचे बाबा म्हनतेत, नापास झाली, आता घरी बसव. माह्या पोरीनं खरंच अभ्यास केला नाही का? तुमी सांगा, तुमी म्हनसान ते मी घरी सांगतो."

ऐकलंत? त्या गुण वाढवून मागत नव्हत्या. त्यांना फक्त विचारायचं होतं, आणि उत्तर माझ्या खणात होतं. मी म्हणालो, "बाई, नियम सगळ्यांना सारखाच असतो." त्यांनी हात जोडले आणि चपला घालून गेल्या. ऑक्टोबरच्या परीक्षेला रुपालीचा फॉर्म आला नाही.

पुढच्या वर्षी मी तो रकाना सुरू केला. समासातलं तिचं पेन्सिलीतलं लिखाण मी छापील फॉर्मवर आणलं आणि त्याला पाच गुण ठेवले. माणूस का बोलला नाही, हे ज्या मुलाला दिसतं, त्याला गाव कळलेलं असतं, हे मी तिच्याकडून शिकलो. शिक्षकाला एवढं शिकवणाऱ्या मुलीला मी चार गुण दिले. तिचं नाव मात्र मी बारा वर्षं कुठेही घेतलं नाही.

गेल्या महिन्यात पत्ता शोधत विश्रांतवाडीतच तिच्या घरी गेलो, आजचं निमंत्रण घेऊन. रुपाली एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर आहे. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, मला वाटलं होतं तुमचंच बरोबर आहे. मला माणसांना बोलतं करता येत नाही, असंच मी धरून चालले. म्हणून माणसांशी बोलायचं काम कधी घेतलंच नाही. खोकी बरी."

मला, खरं सांगतो, त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं. आम्ही गुण देतो आणि विसरतो. पोरं ते खरे मानून त्यावर आयुष्य बेततात.

मग तिने विचारलं, "आई आली तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "हो."

"मग तिला का नाही सांगितलंत?"

मी समोरचा कप उचलला आणि परत ठेवला. तिने पुन्हा विचारलं नाही. "चहा घ्या सर, निवतोय," एवढंच म्हणाली. आज ती आलेली नाही. निमंत्रण तिने घेतलं, पण शिफ्ट आहे म्हणाली.

अध्यक्षमहाराज, घड्याळ पुढे गेलंय, आवरतो. मानपत्रातलं ते वाक्य कृपा करून बदलून घ्यावं आणि तिथे तिचं पूर्ण नाव घालावं, रुपाली गजानन खेडेकर. तसं होईपर्यंत मी ते घरी नेणार नाही. संस्थेने मला सांभाळलं, सहकाऱ्यांनी माझा तिरकसपणा सोसला, विद्यार्थ्यांनी माझे तास सोसले, त्या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. आज बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. तेवढी क्षमा तुमच्याकडे मागतो. दुसरी मागत नाही, ती तुम्ही द्यायची नाही.

उद्या सकाळी मी विश्रांतवाडीला जाणार आहे. यमुनाबाई आता लेकीकडेच असतात, गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्या गावी गेल्या होत्या. त्यांना सांगायचंय, की बाई, तुमच्या पोरीने अभ्यास केला होता. सगळ्या वर्गात तिनेच केला होता. मला ते माहीत होतं आणि मी भ्यालो.

नमस्कार.